परत का आले, आणि पुन्हा का जायचं म्हणते

"वजन उतरवायचं ऑपरेशन करायचंच होतं तर आदल्या दिवशी परत का आलीस? आणि आलीस ते बरंच झालं, मग आता पुन्हा तोच विषय कशाला?" गेलं वर्षभर हे दोन्ही प्रश्न मला जोडीनेच येतात, बहुतेकदा एकाच माणसाकडून, एका दमात. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेत आले. तुम्ही विचारलंतच, तर काय ते एकदाच सांगते.

डाएट आणि चालण्याची यादी देणार नाही. वीस वर्षांत वेळोवेळी मिळून 80 किलो तरी घटवले असतील. परत आलेले मोजले नाहीत. उंची 156 सेंटिमीटर, वजन 105 किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 43, आठ वर्षांचा मधुमेह. ज्यांना माझ्या इच्छाशक्तीची काळजी वाटते त्यांनी दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर काढून बघावेत. ऑपरेशनआधी यकृत आकसावं म्हणून तसं राहायला लावतात. मी राहिले होते.

धोका? माहीत आहे. स्लीव्ह म्हणतात त्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढतात, तो पुन्हा बसवता येत नाही. स्टेपलच्या रेषेतून गळती होऊ शकते, पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. पुढे जन्मभर बी12, लोह, कॅल्शियम. काहींना आंबट पाणी कायमचं मागे लागतं, काहींचं वजनही परत वाढतं. 2009 साली अमेरिकेत वजन उतरवायची वेगवेगळी ऑपरेशनं केलेल्या 4,776 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पहिल्या 30 दिवसांत त्यातले 0.3 टक्के दगावले. दिवसा हा आकडा मला क्षुल्लक वाटायचा. रात्री त्याचे हजारात तीन व्हायचे, आणि ते तिघं कोण असतील हे डोळ्यांपुढे यायचं.

आईला गप्प करायला मी स्वीडनचा अभ्यास पुढे केला होता. 1987 मध्ये सुरू झालेला, ऑपरेशन केलेल्यांमध्ये पुढच्या वर्षांत मृत्यू कमी झाले असं दाखवणारा. नंतर वाचलं की त्यातली बहुतेक ऑपरेशनं आज जवळपास कुणी करत नाही अशा पद्धतीची होती. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तर तो आदला दिवस.

संमतीपत्रावर सही झाली होती. नवऱ्याने ते पानन् पान वाचलं, एका शब्दापाशी अडखळला, आणि माझ्याकडे न बघता सही केली. मग भूलतज्ज्ञ आल्या. तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, आणि शिंप्यासारखी टेप काढून गळ्याभोवती फिरवली. 42. तोवर माझी कंबर, दंड, मांड्या सगळं कुणी ना कुणी मोजलं होतं, गळा कधीच नाही. टेप थंडगार होती.

"घोरता का?"

"थोडंसं," मी म्हटलं. नवऱ्याने मान डोलावली. तो तीन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपतो, त्याला काय माहीत. मुलगा खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता. चौदा वर्षांचा, अभ्यास माझ्या खोलीत चालतो म्हणून गादीही तिथेच घालतो. वर न बघता तो म्हणाला, "ती श्वास घेत नाही."

भूलतज्ज्ञांनी टेप गुंडाळायची थांबवली. "म्हणजे?"

"मध्येच थांबतो तिचा. मी वीसपर्यंत मोजतो. मग ढकलतो."

"रोज?"

"मला जाग आली तर."

मला वाटत होतं की त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मोबाइलमुळे आहेत. त्यावरून मी त्याला किती बोलले होते. दोन वर्षं हा मुलगा माझे श्वास मोजत होता, आणि सकाळी उठत नाही म्हणून शिव्या खात होता. झोपेत श्वास दहा सेकंद अडला तरी त्याची नोंद घेतात, हे मला नंतर कळलं. हा वीसपर्यंत थांबायचा, कारण आधी ढकललं की मी चिडायचे म्हणे.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. आधी झोपेची तपासणी, मग काही आठवडे रात्री मास्कचं मशीन, मग भूल. म्हणजे मी घाबरून परत आले नाही, मला परत पाठवलं. पण तुम्हा सगळ्यांना मी "विचार बदलला" असं सांगितलं. कारण मुलाचं नाव मध्ये आणायचं नव्हतं. हे खरं आहे, पण अर्धंच. गाडीत बसल्यावर मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी खिडकीकडे तोंड करून बसले. टेबलावर जायची हिंमत माझ्यात होती, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

तपासणीत तासाला 51 वेळा श्वास अडतो असं निघालं. 30 च्या वर गेलं की तीव्र समजतात. मशीन लावल्यापासून सकाळी डोकं दुखत नाही, दुपारी पेंग येत नाही. म्हणजे आता ऑपरेशनचं एक कारणच कमी झालं, असं माझ्यातली एक बाई म्हणते. दुसरी म्हणते, मशीनने श्वास चालू राहतो, साखर कुठे उतरली?

इंजेक्शनं आहेत की, असंही तुम्ही म्हणता. आहेत. 2021 च्या चाचणीत सेमाग्लुटाइड नावाच्या इंजेक्शनने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. माझ्या हिशेबाने 16 किलो. थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. गोष्ट वाईट नाही. पण 'जन्मभर औषध नको' म्हणून मी ऑपरेशनकडे वळले होते, आणि ऑपरेशननंतरही जन्मभर गोळ्या आहेतच, हे तेव्हा मी सोयीस्करपणे वेगळ्या खात्यात टाकलं होतं. तेव्हाच्या मला आज भेटले तर भांडण होईल. जिंकेल कोण, सांगता येत नाही.

पुन्हा का जायचं म्हणते? महिनाअखेरीस सर्जनला दाखवायचंय, एवढंच नक्की आहे. तारीख घेतलेली नाही, नाहीही म्हटलेलं नाही. कृपा करून दोन्हीतलं एक माझ्या तोंडून काढू नका.

मुलाला विचारलं परवा, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "भूल उतरताना तुला ढकलणार कोण?" तिथे मॉनिटर असतो, मी सांगितलं.

"तो मोजतो ना फक्त?"

हा प्रश्न कागदावर लिहून ठेवलाय. सर्जनला नाही, त्या टेपवाल्या बाईंना विचारणार आहे.