‘सगळं कापा’ अशी ऑर्डर आली तो दिवस

मी एका हॉस्पिटलच्या बागेत माळीकाम करतो. थंड प्रदेश आहे, नोव्हेंबर संपत आला की रात्री पारा शून्याखाली जातो. आणि हॉस्पिटल असं आहे की पेशंट महिना महिना राहतात, कोणी ऑपरेशननंतर परत चालायला शिकतंय, कोणी पॅरालिसिसमधून उठतंय, बऱ्याच जणांची खाट खिडकीला लागून, म्हणजे बाहेर जे दिसेल तेच त्यांचं दिवसभराचं बघणं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्यावरच आहे.

तर ऑर्डर आली की मोठ्या वाफ्यातलं वाळलेलं सगळं जमिनीलगत कापा, वर मल्च म्हणजे माती झाकणारा पालापाचोळ्याचा थर टाका, संध्याकाळपर्यंत संपवा. वरचे कोणीतरी पाहणीला येणार होते आणि बाग ‘स्वच्छ’ दिसायला हवी होती. आता नोव्हेंबरमधल्या मोठ्या वाफ्यात वाळलेलं कापायचं म्हणजे अख्खा वाफाच कापायचा, कारण तिथे वाळलेलंच असतं! आणि तेच तर त्या वाफ्याचं खरं सौंदर्य आहे. मला ते पटेना, पण ऑर्डर ती ऑर्डर, सकाळी मशीन घेऊन मी आणि सोबतचा पोरगा वाफ्यापाशी गेलो.

आदल्या रात्री सीझनमधला पहिला कडक फ्रॉस्ट पडला होता. सगळ्या काड्यांवर, बोंडांवर, गवताच्या तुऱ्यांवर पांढरी कड आलेली. पोराने मशीन खाली ठेवली आणि मोबाईल काढून फोटो काढायला लागला. मी त्याला काही बोललो नाही, सरळ मॅनेजर मॅडमना फोन लावला आणि म्हटलं मॅडम, कापायच्या आधी पाच मिनिटं खाली या, ऊन वाफ्यावर यायच्या आत या.

त्या आल्या, शाल गुंडाळून, थोड्या वैतागलेल्याच. आल्या आल्या म्हणाल्या, "अहो पण हे सगळं मेलंय ना?" मी म्हटलं मॅडम वरचं वाळलंय, खालचा गड्डा जिवंत आहे, मार्च-एप्रिलमध्ये तिथूनच कोंब येणार. आणि हे वाळलेलं वर असतं म्हणून त्या गड्ड्याचं थंडीपासून रक्षणही होतं. तेवढ्यात ऊन आलं.

मिस्कॅन्थस आणि कॅलामाग्रोस्टिस ही गवतं मुद्दाम अशी लावलेली आहेत की सकाळचं ऊन त्यांच्या मागून येतं. तुरे पेटल्यासारखे दिसतात, दुसरा शब्दच नाही. कॅलामाग्रोस्टिसची जी ‘कार्ल फोर्स्टर’ जात आहे ती पावसात झोपत नाही, बर्फाचा भार बेताचा असेल तर तोही सोसते, सरळ उभी राहते, उन्हाळ्यात तुरे येतात आणि मग पिकलेल्या गव्हाचा रंग घेऊन हिवाळाभर तशीच. ज्यांचं नाव तिला दिलंय ते कार्ल फोर्स्टर (1874 ते 1970) जर्मनीत पॉट्सडॅमजवळ नर्सरी चालवायचे आणि बागेत गवतं लावा म्हणून आयुष्यभर सांगत राहिले, जेव्हा लोक गवत म्हणजे उपटायची गोष्ट समजत होते. मी हे मॅडमना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, थंडीत कुडकुडत, आणि त्या ऐकत होत्या.

मग सेडम, जाड पानांचं फुलझाड. त्याची ‘ऑटम जॉय’ नावाची जात आहे, ऑगस्टच्या शेवटी फिकट गुलाबी, मग गडद होत होत विटेसारखी, आणि नोव्हेंबरमध्ये चॉकलेटी, पण डोकं ताठ. त्याच्या बाजूला इकिनेशिया या फुलझाडाचे वाळलेले काळे काटेरी गोळे, रुडबेकियाचे त्याहून छोटे, मागे फ्लोमिसच्या काडीवर एकावर एक मजले चढवल्यासारखी बोंडं. लोक म्हणतात सगळं तपकिरीच की. पण एकदा नीट बघा ना, मधासारखा तपकिरी, तांबूस, जवळजवळ काळा, राखाडी, पिवळट, आणि ओलं झालं की हेच सगळे रंग परत बदलतात. माझं स्पष्ट मत आहे की फुलांचा रंग बघायला डोळा लागतो, पण आकार बघायला सवय लागते, आणि ती सवय नोव्हेंबरच लावतो. डच डिझायनर पीट औडॉल्फ यांनी बागा आखताना हाच विचार पुढे नेला, न्यूयॉर्कच्या हाय लाइन या सार्वजनिक बागेत (2009 मध्ये सुरू झाली) वाळलेली झाडं हिवाळाभर उभी ठेवतात आणि छाटणी वसंत तोंडावर आला की करतात. म्हणजे जगातल्या इतक्या नावाजलेल्या बागेत जे चालतं ते आमच्या वाफ्यात अस्वच्छ कसं?

मॅडमनी विचारलं की ते जांभळ्या मण्यांचं झाड खरं आहे का. खरं आहे! कॅलिकार्पा. पानं गळून गेली की नुसत्या फांद्या आणि त्यावर जांभळ्या फळांचे झुपके, इतका तेजस्वी जांभळा की पहिल्यांदा बघणाऱ्याला प्लास्टिक वाटतं. एकट्या झुडपापेक्षा दोन-तीन जवळ जवळ लावली तर फळं जास्त धरतात, म्हणून आम्ही तीन लावलीत.

आम्ही तिथे उभे असतानाच फिजिओथेरपिस्ट ताई एका आजोबांना वॉकर घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला बघितलं, मशीन बघितली आणि विचारलं कापणार का काय? मग जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. म्हणाल्या, मी पेशंटना पावलं मोजायला लावतच नाही, झाडं देते. आज सेडमपर्यंत, उद्या उंच गवतापर्यंत, पुढच्या आठवड्यात जांभळ्या मण्यांपर्यंत. आजोबा म्हणाले, मी आज मण्यांपर्यंत जाणारे. आणि निघाले की! मॅडम काही बोलल्या नाहीत, पण माझ्या सगळ्या भाषणापेक्षा त्यांना ते जास्त लागलं हे दिसत होतं.

आणि मग गिंगको वृक्ष. आवाराच्या कोपऱ्यात जुना आहे, आदल्या दिवशीपर्यंत पूर्ण पिवळा. वारा अजिबात नव्हता आणि तरी पानं पडायला लागली, दोन-चार नाही, सगळीकडून एकदम. बाकीची झाडं दिवसेंदिवस थोडीथोडी गळतात, गिंगकोच्या सगळ्या देठांशी तुटायचा थर जवळजवळ एकाच वेळी तयार होतो, मग पहिल्या कडक फ्रॉस्टने जे काही धरून असतं तेही सुटतं आणि काही तासांत झाड रिकामं. वाचलेलं होतं, कधी वेळेवर तिथे नव्हतो. पानं पडताना चक्क आवाज येत होता. वरच्या मजल्यावर खिडक्यांशी लोक जमले, नर्स एकेकाची खाट फिरवून देत होत्या, खाली जमीन पिवळी होत गेली आणि आजोबा वॉकरला धरून मध्येच थांबून बघत राहिले.

मॅडमनी मला विचारलं, लाल मेपल दर वर्षी सारखा लाल का नसतो, गेल्या वर्षी फिका होता. तर पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा उतरला की दिसतो, पण लाल रंग झाड शरदात नव्याने बनवतं, पानातल्या साखरेपासून, त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण गोठवणारा नको. ढगाळ पावसाळी शरद गेला की लाल कमी. हे त्यांना आवडलं, वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही वाफ्याकडेने फिरलो आणि काय ठेवायचं काय काढायचं ते तिथल्या तिथे ठरवलं. मी सगळंच ठेवा म्हणणारा नाही. होस्टाची पानं फ्रॉस्टने चिखल होतात, ती काढायची. पिओनीवर करपा होता, ती पानं बागेबाहेर टाकायची, कंपोस्टमध्येही नाही. डेलिया काळा पडला होता, वरचा भाग कापून कंद उचलायचे, आमच्याकडे जमिनीत टिकत नाहीत. रस्त्यावर झोपलेलं एक मिस्कॅन्थस व्हीलचेअरच्या वाटेत येत होतं, ते बिनतक्रार कापलं. वाफ्याची कड कुदळीने सरळ धारेची करून घेतली, वाट झाडून काढली, आणि एवढ्यावर बाग अशी दिसायला लागली की बघणाऱ्याला कळावं, हे मुद्दाम ठेवलंय. हायड्रेंजियाची वाळलेली फुलं ठेवली, मोठ्या पानांच्या जातीत तीच खालच्या कळ्यांना थंडीपासून वाचवतात. इकिनेशियाही ठेवला, गोल्डफिंच पक्षी त्याच्या बिया खातात, आणि पोकळ काड्यांत लेडीबर्डसारखे किडे थंडी काढतात.

पाहणीला आलेल्या माणसांनी काय म्हटलं ते मॅडमनी नंतर सांगितलं, पहिला प्रश्न जांभळ्या मण्यांचाच होता म्हणे. आता त्यांनीच विचारलंय की पश्चिमेच्या खिडक्यांसमोर नुसतं लॉन आहे तिथे काय लावू. मी लाल खोडाचं कॉर्नस सांगितलंय, पानं गेल्यावर त्याची खोडं भडक लाल दिसतात, पण कोवळ्याच फांद्या लाल राहतात म्हणून वसंताच्या तोंडावर खालून कापावं लागतं. जोडीला महोनिया, ऐन थंडीत पिवळी फुलं देणारी. गवतं मात्र वसंतातच लावू, मिस्कॅन्थस थंड ओल्या मातीत मुळं धरत नाही. आणि मोठ्या वाफ्याची कापणी मार्चच्या सुरुवातीला ठेवलीय, नवे कोंब वर यायच्या आत, नाहीतर जुन्याबरोबर नवंही कापलं जातं.