व्हाइटफिश पॉइंट: एडमंड फिट्झजेराल्डची घंटा बघून आलो

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन मिशिगनच्या उत्तरेला, सुपिरिअर लेकच्या काठावर असलेल्या व्हाइटफिश पॉइंटला जाऊन आलो. बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली, आता सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डेट्रॉइटला आलेत, आणि मॉल वगैरे काही नको, "जहाजं दाखव" एवढंच म्हणणं. कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एडमंड फिट्झजेराल्ड हे ७२९ फुटी मालवाहू जहाज, १९५८ साली पाण्यात उतरलं तेव्हा ग्रेट लेक्सवरचं (अमेरिका-कॅनडा सीमेजवळची पाच मोठी सरोवरं) सगळ्यात मोठं. ९ नोव्हेंबर १९७५ ला विस्कॉन्सिनच्या सुपिरिअर बंदरातून साधारण २६ हजार टन टॅकोनाइट, म्हणजे लोहखनिजाच्या छोट्या गोळ्या, भरून डेट्रॉइटकडे निघालं. दुसऱ्या दिवशी सुपिरिअर लेकवर भयंकर वादळ. दुपारी कॅप्टन मॅकसॉर्लींनी मागून येणाऱ्या आर्थर अँडरसन जहाजाला रेडिओवर कळवलं की कठडा तुटलाय, दोन व्हेंट (हवेच्या नळ्या) गेलेत, जहाज एका बाजूला कललंय, पंप चालू आहेत. मग रडारही गेलं, म्हणून अँडरसनने दिशा सांगायची आणि यांनी जायचं असं चाललं होतं, त्यात वीज गेल्यामुळे व्हाइटफिश पॉइंटच्या दीपगृहाचा दिवा आणि दिशा दाखवणारा रेडिओ बीकन बंद. संध्याकाळी ७.१० च्या सुमारास अँडरसनने विचारलं कसं चाललंय, तर उत्तर आलं, तग धरून आहोत. त्यानंतर थोड्याच वेळात जहाज रडारवरून नाहीसं झालं. मदतीची हाक नाही. २९ जण गेले, एकाचाही देह घरी आला नाही. आसऱ्याची व्हाइटफिशची खाडी तिथून फक्त १७ मैलांवर होती.

डेट्रॉइटहून सरळ आय-७५ ने उत्तरेला, मॅकिनॉ ब्रिज (गाडीला ४ डॉलर टोल), पुढे एम-१२३ ने पॅराडाइज गाव आणि तिथून ११ मैल. न थांबता सहा तास धरा, बाबांबरोबर आठ लागले. ब्रिजच्या अलीकडे-पलीकडेच टाकी फुल करा आणि मॅप फोनवर डाउनलोड करून ठेवा, वर जंगलात नेटवर्क येतं-जातं. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर घ्याच, आमचा दोन दिवस त्यावरच गुजारा झाला.

पॉइंटवरचं बुडालेल्या जहाजांचं म्युझियम दीपगृहाच्या आवारातच आहे. आत मधोमध ती घंटा. ४ जुलै १९९५ ला कुटुंबीयांच्या मागणीवरून ५३० फूट खोलातून वर काढली आणि तिच्या जागी २९ नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. लखलखीत पितळी रंग, अंगावर जहाजाचं नाव. बाबा तिथे आले आणि चपला काढायला वाकले, मग आपण कुठे आहोत ते आठवून थांबले. नंतर नुसतेच हात जोडून उभे राहिले. मी काही बोललो नाही.

मग किनाऱ्यावर गेलो. उन्हातही वारा असा की जॅकेटची चेन लावूनसुद्धा दात वाजत होते, त्यामुळे कानटोपी हवीच, आणि पायात बूट, कारण सगळे गोटेच आहेत. समोर पाणी, पलीकडचं काही दिसत नाही. लेक म्हणायला जीभ वळत नाही.

परतताना सू सेंट मरी गावाला वाकडी वाट करा, बहुतेक लोक हे सोडतात आणि मला वाटतं हीच खरी बघायची गोष्ट आहे. तिथे व्हॅली कॅम्प नावाचं जुनं जहाज म्युझियम केलंय, त्याच्या पोटात फिट्झजेराल्डच्या दोन लाइफबोटी आहेत. एक चेपलेली, दुसरीचा फक्त पुढचा तुकडा. जाड पत्रा कडेला उलटा वळून चिरफाळलाय. बाबा बराच वेळ ती कड बघत होते, मग म्हणाले, "अरे, ह्या कोणी सोडलेल्या नाहीत. ह्या उपटून निघाल्यात. पोरांना वेळच मिळाला नाही."

कोस्ट गार्डच्या अहवालात हॅचची (माल भरायच्या तोंडांची) झाकणं नीट बंद नसावीत आणि तिथून पाणी शिरलं असावं असं म्हटलंय. जहाजमालकांच्या संघटनेने ते मानलं नाही, त्यांचं म्हणणं कॅरिबू बेटाजवळच्या उथळ पाण्यात तळ घासला. मी हे गाडीत वाचून दाखवलं तर बाबा चिडलेच. "झाकणं लावणारी माणसं खाली आहेत, मग त्यांच्यावर ढकलायला सोपं जातं. गोदीत पण असंच व्हायचं." मलाही पटलं. त्या रात्री नक्की काय झालं हे आजही कोणी ठामपणे सांगू शकत नाही, मग दोष त्याच २९ जणांच्या माथी का?

व्हाइटफिश पॉइंट आणि व्हॅली कॅम्प दोन्ही साधारण मे ते ऑक्टोबर उघडे असतात, निघण्यापूर्वी तारखा आणि वेळा बघून घ्या. १० नोव्हेंबरला पॉइंटवर स्मरणाचा कार्यक्रम असतो, तेव्हा घंटा २९ वेळा वाजवतात आणि तिसावा टोला ह्या सगळ्या लेक्सवर गेलेल्यांसाठी. तेव्हा जायचं तर बर्फाची तयारी ठेवा आणि लोकांना प्रवेश आहे का ते आधी विचारा.

आणि एवढं लांब जमत नसेल तर डेट्रॉइटला बेल आयल बेटावरच्या डॉसिन म्युझियमला जा, फिट्झजेराल्डचा १९७४ मध्ये नदीत पडलेला नांगर तिथे बाहेरच ठेवलाय. आम्ही पुढच्या रविवारी गेलो. बाबांनी त्याच्यावर हात ठेवला, गार होता म्हणाले.