आमची वाटचाल : मिरजेतून बाळ घरी जातं तेव्हा

मिरजेत १८९४ साली वानलेस रुग्णालय सुरू झालं. आजही जत, अथणी, चिकोडीकडचे पेशंट उपचाराला मिरजेतच येतात. पण गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत बसवलेली) किंवा नाकाला ऑक्सिजन लावलेलं बाळ घरी जातं ते एखाद्या मळ्यातल्या वस्तीवर. तिथे लाइट कधीही जाते आणि डॉक्टर लांब असतो. घरी लागणारी वैद्यकीय मशीन देण्याचा आमचा व्यवसाय अशा घरांसाठी वाढत गेला.

सुरुवात ऑक्सिजन मशीन भाड्याने देण्यापासून झाली, तेही बहुतेक वयस्कर पेशंटना. मग फुप्फुसं कच्ची राहिलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे पालक येऊ लागले. मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण २ लिटर ऑक्सिजन लागतो, बाळाला पाव-अर्धा. ५ लिटरच्या मशीनवर पाव लिटर नीट लावताच येत नाही, म्हणून आम्ही १ लिटरपर्यंतचा वेगळा फ्लोमीटर (प्रवाह मोजायचा काटा) जोडतो. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलं तर एवढासा प्रवाह तिथूनच निसटतो आणि मशीन मात्र व्यवस्थित चालू दिसतं. अशा वेळी कॅन्युलाची, म्हणजे नाकात लावायच्या नळीची, टोकं भांडंभर पाण्यात धरावीत. बुडबुडे आले नाहीत तर आधी झाकण बघावं. बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालावं. देवघरातली निरांजन, उदबत्ती आणि चूल ऑक्सिजनपासून दूर ठेवावी. बाळाच्या नाकाला व्हॅसलीन किंवा तेल लावू नये.

लाइटचा हिशेब आम्ही मशीन देण्याआधीच मांडतो. मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) चांगली बॅटरी ते ३ ते ४ तास ओढते, जुनी झाली की निम्म्यावर येते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाइटसारखी सरळ वीज देणारा, हवा. त्यासोबत ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर लागतोच. त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला अर्ध्या लिटरने कागदावर ५० तास होतात, आम्ही ४० धरायला सांगतो.

आज आमचं सगळ्यात मोठं काम सक्शनचं, म्हणजे नळीतला कफ मशीनने ओढून काढण्याचं, आहे, आणि ते विकण्यापेक्षा शिकवण्याचं जास्त आहे. ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळीच्या नंबराची दुप्पट हे कॅथेटरचं (कफ ओढायला आत घालायच्या बारीक नळीचं) माप धरतात. म्हणजे ३ नंबरला ६ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), ४ नंबरला ८. ओढीचा दाब ८० ते १२० एमएमएचजी ठेवायचा. कॅथेटर किती आत घालायचा हे बाळावर अजमावायचं नसतं. त्याच मापाच्या जादा नळीतून कॅथेटर घालून त्याची भोकं पलीकडे जेमतेम दिसतील तिथे खूण करायची, आणि सेंटिमीटरचा आकडा पट्टीवर लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवायचा. त्याहून खोल गेलं तर श्वासनलिका सोलवटते, रक्त येतं. आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना चालू. सगळं मिळून ५ ते १० सेकंद, मग बाळाला श्वास घेऊ द्यायचा.

मोटर चालते पण ओढत नाही, ही आम्हाला येणारी नेहमीची तक्रार. कॅथेटर काढून नळीचं टोक बोटाने बंद करावं. मशीनवरचा दाबाचा काटा चढला तर मशीन ठीक आहे, कॅथेटर तुंबलाय. काटा हलला नाही तर कफ जमा होणाऱ्या बाटलीच्या झाकणाचं रबर सरकलेलं असतं, नाहीतर नळीला चीर गेलेली असते. काटा आधीपासूनच चढलेला आणि टोकाला ओढ नाही, तर बाटली काठोकाठ भरून फिल्टर भिजलाय. भिजलेला फिल्टर वाळवून चालत नाही, बदलावाच लागतो. म्हणून दोन फिल्टर जादा आणि एक पायाने चालवायचं सक्शन प्रत्येक घरात हवंच. ते नको म्हणणाऱ्यांनाही आम्ही आग्रहाने देतो.

बाळाजवळ कायम एक पिशवी लटकलेली हवी, अंगणात नेलं तरी. त्यात त्याच मापाची नळी, एक माप लहान नळी, फीत, कात्री, पाण्यात विरघळणारी जेली, सलाइन, कॅथेटर आणि बाळाच्या मापाची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा). मानेवरची फीत एक बोट जाईल एवढीच सैल. त्याहून ढिली राहिली तर खोकल्यानेही नळी निघते.

राइल्स ट्यूबसाठी (नाकातून पोटात दूध-औषध घालायची नळी) आम्ही पीएच पट्ट्या, म्हणजे आम्लता तपासायच्या कागदी पट्ट्या, ठेवू लागलो. दूध घालण्याआधी नळीतून ओढून काढलेल्या पोटातल्या पाण्याचा पीएच ५ किंवा कमी यायला हवा. तो येत नसेल तर दूध द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. नाचणीची पेज दोनदा गाळावी. प्रत्येक औषध वेगळं द्यावं, मध्ये कोमट पाणी सोडावं. औषधं एकत्र केल्याने नळ्या तुंबतात.

डिस्चार्जआधी घरातल्या दोघांनी नर्ससमोर आपल्या हाताने सक्शन आणि नळी बदलणं केलेलं असावं, अशी आमची अट आहे. एकटी आई पुरत नाही. तिला झोप लागते, ताप येतो, दुसरं मूल असतं. आजी, काका, कोणीही चालेल, पण दुसरा माणूस तयार नसेल तर मशीनची डिलिव्हरी आम्ही थांबवतो आणि दवाखान्याला तसं कळवतो.