नाव कुम्बा, आडनाव बा

पोडोर, ९ मे २०२५

आज ४४ अंश. पंपघराच्या पत्र्याच्या दाराला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नव्हता. आता वारा सुटलाय, जिवात जीव आलाय, म्हणून वही घेऊन अंगणात चटईवर बसले आहे. समोर सेनेगल नदी, पलीकडच्या काठावर मॉरिटानियातले चार-दोन दिवे.

इथे सेनेगलमधल्या पोडोरला येऊन दहा महिने झाले. आले होते भातशेतीच्या कालव्यांवर पंप बसवायला. पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीने विचारलं, तू आईबापाची कितवी मुलगी? दुसरी म्हटल्यावर तिने तिथल्या तिथे बारसं उरकलं: मग तू कुम्बा. फुलानी, म्हणजे इथल्या गाई राखणाऱ्या समाजाच्या, घरांत जन्माच्या क्रमाने नावं ठरलेली असतात. पहिली मुलगी सिरा, दुसरी कुम्बा, तिसरी पेंदा, चौथी ताक्को. मुलग्यांत दुसरा साम्बा, तिसरा देम्बा, चौथा येरो. मुसलमानी नाव वेगळं असतं, पण घरात हाक मारायला हेच. घर बा आडनावाचं, म्हणून मी कुम्बा बा. तिला मी नेने म्हणते. नेने म्हणजे आई. कल्याणला आमच्या शेजारी नेने काकू राहतात, त्यांना हे फोनवर कळवलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्यांनी इथल्या नेनेसाठी गोडा मसाला पाठवायची तयारी सुरू केली.

आडनाव मिळालं आणि त्याच दिवसापासून पंपावरचा जालो माझ्या मागे लागला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. इतरांशी अगदी मोजकं, खाली बघून बोलतो. मला बघितलं की मात्र सुरू: "बा लोक आले, दुधाची कासंडी झाका!" मी गोंधळले. नेनेने समजावलं की बा आणि जालो हे एकमेकांचे देंदिराॿे, म्हणजे आते-मामे भावंडं. त्यांनी एकमेकांना चोर म्हणावं, खादाड म्हणावं, गुलाम म्हणावं. रागवायचं मात्र कोणीच नाही. जो रागावला तो हरला.

हे मला सांगावंच लागलं नसतं. आपल्याकडेही चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यासारखी, आणि आते-मामे भावंडांत थट्टा! मामाच्या मुलीला "काय गं, येतेस का आमच्या घरी?" असं चारचौघांत विचारायची मुभा असतेच की. इथे तीच मुभा आख्ख्या कुळांना आहे. बा आणि जालो यांच्यात आहेच, पण फुलानी आणि सेरेर या दोन समाजांतही आहे. आमचा वीजतंत्री सेरेर आहे, तो तर सकाळी हजेरी लावायच्या आधी मला डिवचून जातो. पूर्वेकडच्या नायजर देशातल्या अशा थट्टेच्या नात्यांची युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त वारशात नोंद केली. योग्यच केलं.

पोडोर, १३ मे

भाषेबद्दल लिहायचं कधीचं राहिलंय.

'फुलानी' हा शब्द हाउसा भाषेतून आलेला, फ्रेंचांचा 'पल' वोलोफमधून आलेला. हे लोक स्वतःला म्हणतात फुल्ॿे, एकटा असेल तर पुल्लो. भाषेला इथे पुलार म्हणतात, पूर्वेकडे फुलफुल्दे. सेनेगलपासून थेट सुदानपर्यंत ती बोलली जाते, कारण गाईंमागे चालत चालत माणसं तिथवर गेली.

वर मी ॿ लिहिलाय तो मुद्दाम. हा उच्चार आपल्या ब-चा नाही. ओठ मिटायचे, घशातून हवा आत ओढल्यासारखी करायची आणि मग उघडायचे. नेनेने मला तीन दिवस हा एकच आवाज काढायला लावला आणि चौथ्या दिवशी मला एकदम आठवलं की हा तर मी शाळेत ऐकलाय! कल्याणहून उल्हासनगर केवढंसं लांब. माझी बाकावरची मैत्रीण सिंधी होती, तिच्या घरी 'दोन'ला ॿ म्हणायचे आणि मुलाला ॿार. मधल्या सुट्टीत तिच्याकडून हे शब्द घोकून घेतले होते. पंचवीस वर्षांनी ते सेनेगल नदीच्या काठावर कामी आले. त्या रात्री तिला शोधून काढून निरोप पाठवला.

दुसरी गंमत अनेकवचनाची. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, घोडा-घोडे, नदी-नद्या. पुलारमध्ये शेपटाबरोबर तोंडही बदलतं. बाई देब्बो, बायका रेवॿे. पुरुष गोर्को, पुष्कळ झाले की वोर्ॿे. गाव वुरो, गावं गुरे. कुत्रा रावान्दू, कुत्रे दावाॾी. पहिले काही महिने एक कुत्रा आणि चार कुत्रे यांचा एकमेकांशी संबंध आहे हेच कानाला पटत नव्हतं.

आणि नामांचे वर्ग. आपली तीन लिंगं, यांचे वीसेक वर्ग. त्यात गाय आणि सूर्य एका वर्गात: नाग्गे आणि नांगे. पाणी, दूध, लोणी, रक्त एका वर्गात, हे समजण्यासारखं आहे, पातळ ते सगळं एकत्र. पण मीठही त्याच वर्गात, लाम्ॾाम! मी नेनेला विचारलं, मीठ का? तिने भांड्यातल्या पाण्यात चिमूट सोडली, बोटाने ढवळलं आणि भांडं माझ्यापुढे धरलं. व्याकरणाच्या पुस्तकात काहीही कारण दिलेलं असो, मला हे पुरेसं आहे.

पोडोर, १८ मे

पहाटे साडेपाचला आवाजाने जाग आली. मागच्या अंगणात नेने आणि तिच्या दोन सुना बाजरी कांडत होत्या. एकच उखळ, तीन मुसळं. एकीचं खाली येतं तेव्हा दुसरीचं मध्यावर आणि तिसरीचं वर. मध्येच धाकटी सून मुसळ वर सोडून देते, एक टाळी वाजवते आणि खाली यायच्या आत पुन्हा पकडते. तालात खंड नाही. मग मोठी तेच करते. मग नेने, साठी ओलांडलेली, तीही! थोड्या वेळाने त्यावर गाणं आलं. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी धरायची.

मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला माणमधली आजी दिसत होती. जात्याच्या खुंट्याला तिचा हात, शेजारी आत्याचा हात, आणि घरघरीवर चढलेली ओवी. माझ्या लहानपणी गिरणी आली होती, पण सणाला पुरणाची डाळ घरीच भरडायची तिची रीत होती. दळताना गायलं की दळण हलकं होतं असं ती म्हणायची. नेनेला विचारलं तर म्हणाली, न गाता कांडलं तर हात चुकतो.

इथल्या गवलो, म्हणजे भाट घराण्यातल्या, बायका 'येला' गातात. त्यात तुंब्याचा ठोका आणि टाळी एकमेकांना उलटसुलट उत्तरं देतात. येलाचा ताल या कांडणातूनच आला असं पोडोरचा सुपुत्र बाबा माल सांगतो. आज पहाटेनंतर मला ते कोणी सांगायचीही गरज नाही.

बाबा मालचा जन्म १९५३ चा, याच गावातला. तो भाट घराण्यात जन्मला नव्हता, आणि इथे गाणं हे घराण्यातून येतं. त्याला ते दिलं त्याच्या अंध मित्राने, मनसूर सेकने, जो अस्सल गवलो होता. दोघं गावोगाव हिंडले, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून जुनी गाणी शिकले. त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव दांदे लेन्योल, म्हणजे आपल्या लोकांचा आवाज. गेल्या वर्षी मे महिन्यात मनसूर सेक गेले. परवा चहाच्या टपरीवर त्यांचं गिटार लागलं तर चहा ओतणारा पोरगा हात थांबवून उभा राहिला. गाणं संपेपर्यंत कोणी चहा मागितला नाही.

होड्डूबद्दलही लिहून ठेवते. नावेच्या आकाराचं कोरलेलं लाकूड, वर ताणलेलं कातडं, तीन ते पाच तारा. तारा पूर्वी घोड्याच्या केसांच्या असत, आता मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या. वाजवणारा म्हातारा बाजारात दोरा घ्यायला आला होता. दुकानदाराने दिलेला प्रत्येक दोरा दातांत एक टोक धरून ताणायचा, नखाने छेडायचा, कानाला लावायचा. सातवा पसंत पडला. मग तिथेच पोत्यावर बसून त्याने साम्बा गेलाजो या अठराव्या शतकातल्या राजपुत्राच्या गाथेतला तुकडा वाजवला. शब्द नाहीत, नुसती तार. आजूबाजूची माणसं ऐकता ऐकता "आवा, आवा" म्हणत होती, आपल्याकडे कीर्तनात बुवांना "वा बुवा" म्हणतात तशी.

पोडोर, २२ मे

कोपऱ्यावरचा फळवाला गिनीतल्या फुटा जालोनचा. त्याची उधारीची वही उजवीकडून डावीकडे लिहिलेली, पण अक्षरं अरबी नाहीत. ती आहे आदलाम लिपी. १९८९ मध्ये गिनीत बॅरी आडनावाच्या दोन भावांनी घरात बसून बनवली. एक १४ वर्षांचा, दुसरा १० वर्षांचा! डोळे मिटून कागदावर आकार काढायचे आणि चांगले दिसले ते ठेवायचे. आपल्या भाषेतले ॿ, ॾ अरबी लिपीत नीट बसत नाहीत हे त्या मुलांना खुपत होतं. २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. फळवाला फोनवर आईला याच लिपीत निरोप लिहितो. आजोबांच्या मोडीतल्या वह्या आमच्या घरात कोणालाच वाचता येत नाहीत. त्याच्या वहीकडे मी फार वेळ बघत राहिले.

त्यानेच मला ताम्बिन ऐकवली, त्यांची बासरी. फक्त तीन भोकं. वाजवणारा फुंकतो, आणि फुंकता फुंकता आत गातो, बोलतो, हुंकारतो. सूर आणि माणूस एकाच वेळी ऐकू येतात. आपली बासरी मनुष्याचा श्वास लपवते, ही तो पुढे आणते. मला दोन्ही हव्यात.

पोडोर, २७ मे

शनिवारी आत्या गेली.

फोन रात्री आला. इथून डाकारला जायला एक दिवस, पुढे विमानं बदलत मुंबई. पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं असतं. दादा म्हणाला, येऊ नकोस.

नेनेने अंगणात चटया घातल्या. सकाळपासून माणसं येत होती. मला न ओळखणारीसुद्धा. येऊन बसायचे, हात हातात घ्यायचे, हलक्या आवाजात दुवा म्हणायचे, गप्प राहायचे. इथे दुःखाचं प्रदर्शन करत नाहीत. संयम आणि लाज, मुन्याल आणि सेम्तेंदे, हे फुल्ॿेपणाचे आधार. सासऱ्यासमोर जावई मोठ्याने हसत नाही, तसंच चारचौघांत कोणी हंबरडा फोडत नाही. त्यांच्यात बसून मीही रडले नाही. दोन दिवस घशात दगड होता.

आज तिसऱ्या दिवशी जालो आला. अंघोळ करून, निळा बूबू घालून. दारातूनच ओरडला, "काय गं कुम्बा! माझी आई गेली आणि मला निरोपसुद्धा नाही?"

सगळे वळून बघायला लागले. तो माझ्यासमोर येऊन बसला. "मी तुझा आते-भाऊ ना? मग तुझी आत्या ती माझी कोण? आई माझी, आणि चटईवर मधोमध बसून लोकांचे हात धरतेय ही! बा लोक मयतातही आमचा हिस्सा खातात. सांग, गाई किती ठेवल्या तिने? निम्म्या माझ्या."

मी म्हणाले, "गाई नव्हत्या. शिलाई मशीन होतं."

"मग ते माझं," तो म्हणाला. "पाठव."

मी हसले. हसताना रडू आलं, मोठ्याने आलं, आणि कोणी थांबवलं नाही, कारण जालो तिथे होता आणि त्याच्यासमोर सगळं चालतं. तो तसाच बसून राहिला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "काय शिवायची ती?" मी सांगितलं. परकर, पोलकी, आमच्या शाळेचे गणवेश. त्याने सगळं ऐकून घेतलं, शिलाईचा भाव विचारला, झब्ब्याच्या बाह्या तिला जमायच्या का विचारलं. जाताना नेनेने त्याला लाच्चिरी ए कोसम दिलं, बाजरीच्या बारीक कण्या आणि दूध. वाडगा संपवून म्हणाला, "दूध कमी आहे. बा लोकांचं घर."

पोडोर, ५ जून

परवा तबास्की, बकरी ईद. गावात दारोदारी एडके बांधलेत. जालोने आज पंपावर त्याच्या एडक्याचं फारच कौतुक चालवलं होतं: केवढा उंच, शिंगं कशी, भाव काय. संध्याकाळी तो मुद्दाम आमच्या गल्लीतून एडक्याला घेऊन गेला. नेने, दोन्ही सुना, सेरेर तंत्री, सगळे अंगणात चहाला बसलेले.

मी उठले, एडक्याभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "वोना न्जावदी, को म्बालू." एडका नाही, ही मेंढी आहे.

क्षणभर शांतता. मग सेरेर तंत्र्याने चटईवर थाप मारली आणि धाकटी सून तोंडाला पदर लावून आत पळाली. जालोने एडक्याच्या शिंगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हिला हे कोणी शिकवलं?"

"तिच्या आत्याने," नेने म्हणाली आणि त्याच्यापुढे चहाचा तिसरा पेला ठेवला, सर्वांत गोड.

तो बसला. एडका दाराशी बांधला. मग कोणाच्या तरी फोनवर मनसूर सेक लागले आणि अंधार पडेपर्यंत कोणी उठलं नाही. आता सगळे गेलेत. भिंतीपलीकडून नेनेने हाक दिली, म्बालेन ए जाम, रात्र शांतीत जावो. मीही तेच म्हटलं. एडका अजून आमच्याच दाराशी आहे. जालो तो विसरून गेलाय, सकाळी देईन.