इंजेक्शनच्या दिवशी ओठही उचलून पाहा

माझ्या मोठ्या पोराचे समोरचे वरचे चार दात तीन वर्षांचा व्हायच्या आतच किडले, नुसते काळे खुंट राहिले. रात्री रडत उठायचा, पोळी चावायची नाही, सगळं वरणभातावर चाललं होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्याला प्रत्येक इंजेक्शनला मी वेळेवर नेलं, वजन झालं, दंड मोजला, पण तोंडात कोणी पाहिलंच नाही आणि मीही नाही पाहिलं. "दुधाचेच तर दात आहेत, पडतीलच" असं सासूबाई म्हणत, मलाही तेच वाटे. पण समोरचे पडतात सहाव्या-सातव्या वर्षी अन् दाढा तर १०-१२ व्या वर्षापर्यंत राहतात, तोवर लेकरानं खावं कशानं?

कापूस वेचायला सकाळीच निघावं लागे म्हणून झोपेतच साखरेच्या दुधाची बाटली तोंडात द्यायची, हे माझंच. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दातावर बसून राहते, जंतू त्याचं आम्ल करतात अन् त्यानंच दात किडतो.

मुलीच्या वेळी दीड वर्षाच्या बूस्टरला मीच म्हटलं, सिस्टर, हिचे दात पाहता का जी. त्या माझ्या गुडघ्याला गुडघे लावून बसल्या, पोरीचे पाय माझ्या कमरेशी अन् डोकं त्यांच्या मांडीवर, बोटानं वरचा ओठ उचलला. अर्धा मिनिटही नाही लागला. हिरडीला लागून चुन्याची बारीक रेघ ओढल्यासारखं पांढरं दिसलं. त्या म्हणाल्या, कीड इथूनच सुरू होते, खड्डा नाही पडला तोवर थांबवता येते.

बाटली त्याच दिवशी बंद केली. फ्लोराईडची पेस्ट दोन वेळा, पण तांदळाच्या दाण्याएवढीच (आमच्या यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, म्हणून लोक घाबरतात, पण एवढ्याशा पेस्टला घाबरू नका). तालुक्याला दातांच्या डॉक्टरनी फ्लोराईडचं वार्निश, म्हणजे दातावरचा पातळ लेप, लावून दिलं, दुखलं नाही काही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते अन् दातही पाहते, चांगलंच आहे. पण पहिला दात येतो सहाव्या महिन्याच्या आसपास, तेव्हा लेकरू अंगणवाडीत बसतच नाही, ते इंजेक्शनला येते. म्हणून मी तिथल्या बायांना सांगते, रांगेत बसल्या बसल्या ओठ उचलून पाहा अन् पांढरं दिसलं की सिस्टरला लगेच दाखवा. मागच्या वेळी दोघींना दिसलं, दोघींचीही पोरं अजून दोन वर्षांची नाहीत.