अंगठी दुरुस्तीला टाकताना चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा, मगच सही करा – माझा अनुभव

अंगठी आता बोटात आहे, नीट आहे, म्हणजे खरं तर राग शांत व्हायला पाहिजे होता. पण त्या दुकानावरून गाडी गेली की अजून डोकं तापतं म्हणून एकदाचं लिहून टाकते. दुकानाचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरातलंच आहे, मोठं आहे, एसी आहे, आत पाय ठेवला की चहा का कॉफी विचारतात. म्हणजे खरेदीला गेल्यावर विचारतात. दुरुस्तीला गेल्यावर तळघरात पाठवतात आणि तिथे पंखासुद्धा एकच, तो पण त्यांच्या बाजूला.

त्यात लाजेची गोष्ट अशी की मी स्वतः पतसंस्थेत सोनेतारण बघते. रोज लोकांचे दागिने वजन करून पावत्या करते, एकूण वजन, निव्वळ वजन, खड्याची वजावट, सगळं मिलिग्रॅमपर्यंत. आणि स्वतःची अंगठी घेताना मात्र पेढा खाऊन घरी आले. नवरा अजून चिडवतो.

तर झालं असं. माझ्याकडे आजीचं एक वेढणं होतं, म्हणजे बिनखड्याची साधी अंगठी, आतून झिजून गुळगुळीत झालेलं. ते मला घट्ट व्हायचं. २०२४ च्या दसऱ्याला ते मोडीत देऊन हिऱ्याची अंगठी घ्यायची ठरवलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मोडू नको गं, वाढवून घे." ऐकलं नाही. अंगठी अठरा कॅरटची, खडा १८ सेंटचा (सेंट म्हणजे हिऱ्याच्या वजनाचं माप), एकूण वजन ४.३१० ग्रॅम, घडणावळ १४ टक्के. दोन नंबर सैल होती, तर म्हणाले साईज कमी करून देतो, फ्री. चार दिवसांनी मिळाली, घातली, बसली, खूश.

(इथेच सांगून टाकते, नाहीतर विसरेन. साईज कमी करून आलेली अंगठी ताब्यात घेताना परत वजन करून घ्या, त्यांच्याच काट्यावर, आणि काट्यावर ठेवलेलीच फोटो काढा. मी नाही केलं. पुढे भोगलं.)

दिवाळीत चिमटे बसायला लागले. स्कूटीचं हँडल दाबलं की अंगठीच्या खाली बोटाला कुटकन चिमटा. आधी वाटलं चकल्या पाडून पाडून बोट सुजलंय. मग तिथे लाल ठिपका पडला, एकदा पदराचा धागा अडकून ओढला गेला. भाऊबीजेला दुपारी उन्हात बसून नीट बघितलं तर मागच्या बाजूला केसाएवढी रेघ. दोन्ही बाजूंनी जरा ताण दिला की ती रेघ उघडायची, सोडलं की मिटायची. म्हणजे बोटाचं कातडं त्या फटीत जायचं आणि फट मिटायची. पंधरा दिवस मी चिमटा बोटात घालून फिरत होते.

९ नोव्हेंबरला, शनिवारी गेले. जिने विकली होती ती मुलगी गोड होती, "अय्या, असं कसं झालं मॅडम" म्हणाली आणि खाली पाठवलं. खाली टोकन. चाळीस मिनिटं. मग एका दादांनी अंगठी हातात घेतली, बघितली न बघितल्यासारखी केली आणि पहिला प्रश्न, "मॅडम, हाताने कामं करता का?"

म्हणलं, "म्हणजे? लोक कशाने करतात?"

"नाही, भांडी, कणीक वगैरे. सोनं आहे ना, नाजूक असतं."

अहो, अठरा कॅरट घेतेच माणूस कडक असतं म्हणून, बावीस कॅरट मऊ पडतं, खडा नीट धरत नाही, हे तुमच्याच वरच्या मजल्यावर मला समजावून विकलंय की. बरं, हे त्यांना म्हणून दाखवलं तर ते नुसते हसले आणि चिठ्ठी फाडायचं बुक पुढे ओढलं. कार्बन घातलेलं गुलाबी बुक. त्यात नग, वजन, तपशील, मजुरी असे रकाने. त्यांनी लिहिलं: "१ अंगठी. वापरात जोड सुटला. मजुरी लागू." वजनाचा रकाना कोरा. आणि बुक माझ्याकडे फिरवून, "इथे सही करा, मंगळवारी या."

तर हीच ती चिठ्ठी. यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

म्हणलं, "वापरात सुटला असं का लिहिलंत? साईज तुम्ही कमी केली, जिथे कापून जोडली तिथेच उघडलीय." तर म्हणे, "सगळ्यांना असंच लिहितो, सिस्टिम आहे." हाताने बॉलपेनने लिहितायत आणि सिस्टिम म्हणे. म्हणलं खोडा आणि दुसरं लिहा. म्हणे खाडाखोड चालत नाही. म्हणलं मग नवीन चिठ्ठी फाडा. म्हणे नंबर चुकतो. म्हणलं वजन तरी लिहा. तर म्हणे, "दुरुस्तीच्या मालाचं वजन लिहीत नाही, विश्वासाचा धंदा आहे." इथे माझं डोकं फिरलं. आमच्याकडे कुणी एका कानातलं फुटकं कुडं आणलं तरी काट्यावर ठेवल्याशिवाय पावती निघत नाही, आणि विश्वास फक्त गिऱ्हाइकानेच ठेवायचा का?

मॅनेजरना बोलवा म्हणलं. जेवायला गेलेत. संध्याकाळी पाच वाजता. थांबले. मागे रांग वाढत चाललेली, एका मावशींनी "ताई, करा की सही, आमचं पैंजण आहे नुसतं" असं पण ऐकवलं. सव्वा तास उभी होते आणि भांडण एका शब्दावर, "वापरात". ती सही केली असती तर संपलं होतं. पुढे काहीही बोलायला गेले असते तर माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे धरला असता. शेवटी मॅनेजर आले, त्यांनी तर चिठ्ठी वाचली पण नाही, "मॅडम, पन्नास रुपयांच्या मजुरीसाठी कशाला एवढं" म्हणाले. पन्नास रुपयांचा प्रश्नच नव्हता हो! मी अंगठी उचलली, पर्समध्ये टाकली आणि सही न करता निघाले. घरी येईपर्यंत रडू येत होतं, रागाचं.

सोमवारी आमच्या पतसंस्थेचं मूल्यांकन करणारे सराफ काका आहेत, त्यांचं गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, छोटं दुकान आहे, त्यांच्याकडे गेले. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठी फिरवली, अर्ध्या मिनिटात म्हणाले, "झाळ आत उतरलीच नाही की. वरच्या वर बसलीय." झाळ म्हणजे जोडायला वितळवून घालतात तो धातू. मग मलाही भिंगातून दाखवलं. साईज कमी करताना अंगठी मागून कापतात, तुकडा काढतात, दोन्ही तोंडं कानशीने घासून एकमेकांना अगदी चिकटवून मग झाळतात. इथे तोंडं नीट घासलीच नव्हती, एक बाजू तिरकी, मधे फट, ती फट झाळीने बुजवली, वरून पॉलिश मारलं. नव्या अंगठीला चकाकी असते त्यामुळे दिसत नाही. भिंगातून बघताना त्या जागी सोनं लाडवासारखं रवाळ दिसत होतं, बाकी सगळीकडे गुळगुळीत. आणि शिवाय तिथे पट्टी बाकीपेक्षा पातळ झालेली. काका म्हणाले, "दसऱ्याच्या घाईतलं काम आहे. कारागिराला रात्री बारापर्यंत बसवलं की असं होतंय."

मग खडा कानाजवळ धरून अंगठी नखाने टिचकायला सांगितलं. बारीक टक्‌टक् आवाज. खडा पण हलतोय! खडा धरणाऱ्या चार दातांपैकी एक उचललेला. हे मला कळलंच नव्हतं. ही युक्ती लक्षात ठेवा, फुकटची आहे आणि खडा पडायच्या आधी सांगते.

काट्यावर ठेवली तर ४.०९० ग्रॅम. बिलावर ४.३१०. म्हणजे २२० मिलिग्रॅम गायब, तेव्हाच्या भावाने बाराशेच्या वर. काकांना म्हणलं एवढं लिहून द्या. तर हात जोडले, "धंद्यातलं आहे ताई, लेखी नको. फोटो काढा, पाहिजे तितके." काढले. भिंगावर मोबाईलचा कॅमेरा टेकवून काढलेला फोटो चांगला येतो.

मधल्या काळात बीआयएस केअर या हॉलमार्क तपासायच्या सरकारी ॲपवर अंगठीच्या आतला सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, पण टाकून बघितला, सगळं बरोबर, अठरा कॅरट, हॉलमार्क खरा. मला आधी वाटलेलं हॉलमार्क आहे म्हणजे सगळं आलं. तसं नाही. हॉलमार्क फक्त सोनं किती शुद्ध तेवढंच सांगतो. जोड कच्चा आहे, दात उचललाय, पट्टी पातळ आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. शुद्धतेत फरक निघाला असता तर गोष्ट वेगळी, तिथे फरकाच्या दुप्पट भरपाईचा नियम आहे. कामाच्या दर्जाला असा कुठला शिक्का नाही, तिथे आपणच.

१९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नंबर मिळाला. यात काहीच त्रास झाला नाही त्यामुळे सांगण्यासारखं पण काही नाही. नवऱ्याचा एक मित्र वकील आहे, तो म्हणाला जिल्हा ग्राहक आयोगात जायला पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण लागत नाही आणि मुदत दोन वर्षं. तेवढ्यावर जायची माझी इच्छा नव्हती, पण खिशात असू दे म्हणलं.

१६ नोव्हेंबरला परत शनिवार. मुद्दाम संध्याकाळी सात. तुळशीचं लग्न झालेलं, लग्नसराईची गर्दी, वरच्या मजल्यावर नवरीकडचे दहा-दहा लोक. मी तळघरात गेलेच नाही. वरच काउंटरवर उभी राहिले आणि माझा आवाज तसा मोठाच आहे. फोटो दाखवले, तक्रार नंबर सांगितला. मॅनेजर लगेच आले, आज त्यांचं जेवण झालेलं होतं. केबिनमध्ये चला म्हणाले. चहा आला!

आणि मग मी चिठ्ठी सांगितली आणि त्याच दादांनी लिहिली. शब्द न् शब्द: "साईज कमी केलेल्या ठिकाणी जोड उघडा. विक्रीपासून ३५ दिवस. खडा हलतो. वजन ४.०९० ग्रॅम, बिलावर ४.३१०. मजुरी नाही." उघडा चं त्यांनी उगडा केलं, ते सोडून दिलं. नंबर वगैरे काही चुकला नाही. गुलाबी चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारून घेतला, त्यांची सही घेतली, मग माझी केली. खरं सांगते, पतसंस्थेत बारा वर्षांत मी एवढी सुंदर पावती केली नसेल.

पुढे थांबणं आलंच. आधी म्हणाले आचारसंहिता आहे, माल बाहेर पाठवता येत नाही, नाक्यावर धरतात. ते एक वेळ मान्य. २० तारखेला मतदान झालं, २३ ला निकाल लागला, मग फोन केला तर म्हणे कारागीर मतदानाला गावी गेलेत, आले नाहीत. म्हणलं, "दादा, तुमचे कारागीर बंगालचे ना? मतदान महाराष्ट्राचं होतं." पलीकडून बराच वेळ आवाज नाही. फोन करताना प्रत्येक वेळी चिठ्ठीचा नंबर सांगायचा आणि तारीख वार डायरीत लिहायचा, माझे नऊ फोन झाले.

डिसेंबरच्या मध्याला मिळाली. झाळून दिली नाही, अख्खी पट्टी नवीन करून दिली, हे मान्य करावं लागेल, काम सुरेख. काकांनी भिंगातून बघून मान डोलावली. पण देताना काउंटरवर परत ५३ रुपये मागितले! कशाचे? हॉलमार्कचे. ४५ आणि वर जीएसटी. पट्टी नवीन म्हणजे शिक्का नवीन. म्हणलं चिठ्ठी काढा, "मजुरी नाही" लिहिलंय. म्हणे हॉलमार्क म्हणजे मजुरी नाही. मी नुसती बघत राहिले त्यांच्याकडे. नाही घेतले शेवटी. तुमचीही पट्टी बदलली तर आतला एचयूआयडी बदलतो, तो जुन्या बिलावर लिहून शिक्का मारून घ्या, नाहीतर उद्या मोडीला गेल्यावर बिल एका अंगठीचं आणि अंगठी दुसरीच, असं व्हायचं. आमच्याकडे तारणाला येतात अशी बिलं, म्हणून माहिती.

मोती, पोवळं, पाचू असलं काही असेल तर झाळायच्या आधी खडा काढायला सांगा, हिरा आच सोसतो, ते नाही सोसत. हे काकांनी सांगितलेलं, वर लिहायचं राहिलं.

नवीन वजन ४.१५० भरलं. बिलापेक्षा १६० मिलिग्रॅम कमीच. मॅनेजर म्हणाले, "साईज कमी केल्यावर वजन कमी होणारच ना मॅडम." बरोबर आहे, होणारच. म्हणलं मग कापलेला तुकडा? म्हणे तो घटीत गेला, म्हणजे कामातली तूट. सासूबाईंना घरी येऊन हे सांगितलं तर त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त स्वतःच्या बोटातलं वेढणं एकदा फिरवलं.