रिटर्न डक्टमधला दिवा

बेळगावच्या उद्यमबागेतली आमची शेड औषधांसाठी सुरू झाली नव्हती. आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या. त्यांच्या ग्राइंडिंगची धूळ ओढणारे हूड आणि डक्ट, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे नळ, आम्ही करायचो. जीआय पत्रा, हातानं चालणारं बेंडिंग मशीन, खानापूरकडची तीन पोरं आणि एक मेस्त्री. मेस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही. धूळ ओढली की काम झालं. जोडात फट राहिली तरी कोण विचारतंय?

मग चोर्ला घाट उतरून गोव्याचं पहिलं काम मिळालं, कॅप्सूल भरणाऱ्या कारखान्याचं. तोवर मला एसी म्हणजे गारवा एवढंच ठाऊक. तिथं आधी विचारतात, हवा कुठून कुठं जाते? पावडरच्या खोलीत दाब कॉरिडॉरपेक्षा कमी, म्हणजे भुकटी बाहेर पसरत नाही. इंजेक्शन भरतात तिथं बरोबर उलटं. फरक १० ते १५ पास्कलचा. १० पास्कल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर पाणी! फाउंड्रीवाल्याला सांगितलं तर हसेल.

काम मार्चमध्ये दिलं, आकडे सगळे नीट. जून लागला आणि फोन आला : आर्द्रता चढलीय, कॅप्सूल मऊ पडून मशीनला चिकटताहेत. जिलेटिनच्या कवचात मुळात १३ ते १६ टक्के पाणी. हवा दमट झाली की ते आणखी ओढून घेतं. आम्ही हवा गार करणारी कॉइल बघितली, तिच्यातल्या चिल्ड वॉटरचं, म्हणजे थंड पाण्याचं तापमान बघितलं, हवा गार करून ढकलणाऱ्या एअर हँडलिंग युनिटच्या दाराचं रबर बदललं. तीन दिवस गेले.

चौथ्या रात्री मामा म्हणाले, "मालक, सप्लायच तपासत बसलोय की आपण. रिटर्नला कुणी हात लावलाय काय?"

नव्हता लावला. सप्लाय म्हणजे खोलीत हवा सोडणारा डक्ट, रिटर्न म्हणजे ती परत नेणारा. सप्लायची फट बाहेर फुंकते, हाताला कळते. रिटर्नमध्ये पंख्याची ओढ. तिथली फट गुपचूप फॉल्स सीलिंगवरची दमट हवा आत खेचते. दिवे मालवून डक्टमध्ये बल्ब सोडला, तर चार फ्लँजमधून, म्हणजे डक्टच्या जोडांमधून, उजेडाच्या रेघा. जोडातली फट बुजवणारी पट्टी, गॅस्केट, आमच्याच पोरानं तुकडे जोडून लावलेलं, आणि तपासणीच्या कागदावर सही माझी.

दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. तरी पुढचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. तिथले मेंटेनन्सचे साहेब दोन वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात गेले आणि त्यांनी आम्हाला बोलावलं, "रिटर्न आधी दाखवायचं" या अटीवर.

डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एमचे, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे, सुधारित नियम आले, तेव्हापासून छोटे कारखानेही दाबाच्या नोंदी आणि हवेतली बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या गळती चाचणीचे कागद मागतात. पत्रा वाकवण्यापेक्षा फायली लावण्यात आमचा जास्त वेळ जातो. ते काम मला अजून आवडत नाही, मुलगी बघते.

मामांना आता शिडीवर चढू देत नाही. बल्बची वायर मात्र ते कुणाच्या हातात देत नाहीत. काम संपलं की स्वतःच कोपराला गुंडाळतात.